मऊ झालं म्हणजे कुजलं असं नाही हो

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या पुरवणीत बायोडिग्रेडेबल प्लास्टिकवर लेख आला होता. लेख एकंदर बरा होता, चित्रंपण छान होती, पण मधेच एक वाक्य होतं की हे प्लास्टिक गरम पाण्यात टाकलं की विरघळून जातं, मग निसर्गात त्याचं काय होत असेल याची कल्पना करा वगैरे. तिथेच अडकलो. पुढचं वाचलंच नाही, म्हणजे वाचलं, पण संध्याकाळी, राग उतरल्यावर. विरघळत नाही हो. मऊ पडतं. मऊ पडणं वेगळं, वितळणं वेगळं, आतून तुटणं वेगळं आणि कुजणं तर फारच वेगळं, आणि या चौघांची एकदा गल्लत झाली की मग एकीकडे लोक म्हणतात हा माल काही कामाचा नाही, गरम पाण्यात लोळतो, आणि दुसरीकडे तेच लोक म्हणतात की कुठेही टाका, आपोआप जातंय. दोन्ही चूक.

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात (मोल्डमध्ये) दाबून वस्तू काढायच्या कामात, बावीस वर्षं गेली, आधी मशीनवर आणि आता क्वालिटीला, आणि त्यातली शेवटची आठेक वर्षं पीएलएच्या दाण्याशी रोजचं भांडण आहे. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, वनस्पतीतल्या साखरेपासून आंबवून लॅक्टिक ॲसिड करतात आणि त्याची साखळी जोडतात. बायो म्हणून जे काचेसारखे स्वच्छ कप, झाकणं दिसतात त्यातलं बरंचसं हेच, तुमच्या लेखातला फोटोपण त्याचाच वाटला मला. म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहितो, बाकीची भावंडं नंतर.

प्लास्टिक कुठलंही घ्या, आत लांबच लांब दोरे असतात, एकमेकांत गुंतलेले. पीएलए वितळवून थंड मोल्डमध्ये मारलं, म्हणजे २५-३० डिग्रीच्या, तर त्या दोऱ्यांना नीट लागून बसायला वेळच मिळत नाही, जसे गुंतलेत तसेच जागच्या जागी गोठतात. याला आम्ही अमॉर्फस म्हणतो, आणि असाच माल पारदर्शक दिसतो. हा गुंता ५५ ते ६० डिग्रीपर्यंत घट्ट असतो, त्याच्या वर गेला की सैल पडतो, त्या तापमानाला टीजी म्हणतात. वितळायला मात्र अजून बरंच वर जावं लागतं, १५० ते १८० च्या मधे कुठेतरी, ग्रेडवर आहे ते. म्हणजे ७० डिग्रीच्या पाण्यात कपाचा लोळागोळा झाला तेव्हा तो वितळलाही नव्हता, विरघळणं तर लांबच राहिलं, नुसता ढिला पडला होता.

तोंडी सांगून कोणाला पटत नाही हे मला माहीत आहे, आमच्याच शिफ्टमधल्या पोरांना पटत नाही, त्यामुळे मी लेख वाचायच्या आधीच, तीन महिन्यांपूर्वी, एकाच शॉटमधल्या, म्हणजे मोल्डमध्ये एकाच वेळी मारलेल्या, चार टेस्टच्या पट्ट्या बाजूला काढल्या होत्या, तीन-सव्वातीन मिलिमीटर जाड, एकदम स्वच्छ. पहिली पट्टी ७० डिग्रीच्या पाण्यात धरली, मिनिटभरात रबरासारखी झाली, चिमट्याने वाकवून यूसारखी केली आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवली. कडक झाली, यूच राहिली. मग परत गरम पाण्यात टाकली आणि काय गंमत, हळूहळू आपोआप सरळ झाली! कोणी हात लावला नाही. आतल्या गुंत्याला आपली मूळची बैठक आठवत होती, आम्ही वाकवलं ते त्याला मान्यच नव्हतं. विरघळलेली, कुजलेली वस्तू असं परत उभी राहत नाही. पुसून वजन केलं तर काट्यावर फरक दिसला नाही.

दुसरी आणि तिसरी पट्टी जास्त महत्त्वाची, सगळं पत्र खरं तर याच्यासाठी लिहितोय. दुसरी बारीक कोरड्या वाळूत पुरून ओव्हनमध्ये ठेवली, वाळू एवढ्यासाठी की मऊ झाल्यावर वाकडी होऊ नये, १२० डिग्री, दोन तास. तिसरी प्रेशर कुकरमध्ये जाळीवर, पाण्याच्या वर, म्हणजे नुसत्या वाफेत, तीपण दोन तास, मधे मधे थांबवून पाणी घालत. (जुना कुकर आहे, कामाचा, स्वयंपाकाचा नाही, घरच्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकतो.) एक किलोचं वजन असलं की आत १२० च्या आसपास जातं. म्हणजे तापमान दोघींना सारखं, वेळ सारखा, दाणा सारखा, फरक फक्त पाण्याचा. बाहेर काढल्या तेव्हा दोन्ही पांढऱ्या, दुधी झालेल्या, कुकरवाली जरा वाकलेली, पण बाकी शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणाला सांगता आलं नसतं कुठली कुठे होती. मग वाकवून बघितल्या. ओव्हनमधली ताठ होती, बराच जोर लावल्यावर कटकन मोडली. कुकरमधली मी उचलून दोन बोटांत धरली आणि अंगठा टेकवला तर खडूसारखी तुटली, आवाजपण आला नाही नीट.

हे असं का होतं ते बघा. नुसती कोरडी उष्णता मिळाली की सैल पडलेल्या दोऱ्यांना हलायला जागा मिळते आणि ते शेजारी शेजारी लागून घड्या घालून बसायला लागतात, यालाच क्रिस्टल होणं म्हणतात. पीएलएला हे काम १०० ते ११० च्या दरम्यान सगळ्यात पटपट जमतं. घड्यांचे हे गठ्ठे उजेडाला अडवतात म्हणून माल दुधी दिसतो, आणि दोरे जवळजवळ आल्यामुळे वस्तू थोडी आकसतेपण, कॅलिपर लावला की कळतं. या घड्या सोडवायला दीडशेच्या वरची उष्णता लागते, त्यामुळे असा भाजलेला माल उकळत्या पाण्यात टाकला तर जरा लवचिक होतो पण आडवा पडत नाही. आमच्याकडे याला ॲनिलिंग म्हणतात. पांढरट, जड वाटणारे जे बायो चमचे-काटे मिळतात ते असे क्रिस्टल केलेले असतात, आत टाल्कची पावडर घातलेली असते, घडी घालायला सुरुवात कुठून करायची ते त्या कणांमुळे दोऱ्यांना कळतं म्हणा. एक तर मोल्डच शंभराच्या पुढे तापवून ठेवायचा, मग सायकल टाइम, म्हणजे एक पीस निघायला लागणारा वेळ, वाढतो आणि प्रॉडक्शनवाले आपल्याशी बोलत नाहीत, किंवा थंड मोल्डमधून काढून नंतर भट्टीतून फिरवायचा, मग वाकड्या मालाचा ढीग लागतो. घरी थ्रीडी प्रिंटर असलेले हौशी लोकपण हेच करतात, पीएलएचा प्रिंट ओव्हनमध्ये भाजतात, आणि मग विचारतात लांबी-रुंदी कमी झाली आणि उंची वाढली ती कशी. अहो, नोझलने दोरे ज्या दिशेने ओढून ठेवलेत त्या दिशेने ते आकसणारच.

सगळ्याच पीएलएला भाजून फायदा होतो असंही नाही. लॅक्टिक ॲसिड दोन तऱ्हेचं असतं, डावा हात-उजवा हात असतात तसं, एल आणि डी. साखळीत सगळे एकाच हाताचे असले की घडी छान बसते, त्यात दुसऱ्या हाताचे दहा-बारा टक्के मिसळले की मग कितीही भाजा, घडी बसतच नाही. उलट नुसत्या एलची साखळी आणि नुसत्या डीची साखळी वेगवेगळी करून एकत्र केली तर दोन तळहात जुळावेत तशी इतकी घट्ट बसते की वितळायचं तापमान पन्नासेक डिग्रीने वर जातं, २२०-२३० पर्यंत. हे १९८७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. आमच्यासारख्यांच्या हातात तो माल क्वचितच येतो, महाग पडतो.

आता पाणी. पीएलएच्या साखळीत प्रत्येक कडीला एक ईस्टरचा जोड असतो, आणि पाण्याचा रेणू नेमका तिथेच घुसून जोड तोडतो. गार पाण्यातपण तोडतो पण इतक्या सावकाश की तुमच्या लक्षात येत नाही. पाणी तापलं की वेग वाढतो, आणि टीजीच्या वर गेलं की गुंता सैल असल्यामुळे पाणी आत आत शिरतं, मग कात्री जोरात चालते. परत प्रत्येक तुटलेल्या जोडाच्या एका टोकाला आम्लाचा शेंडा उरतो, आणि तो आम्ल स्वतःच पुढच्या तुटण्याला हातभार लावतो. त्यामुळे जाड वस्तू कधी कधी बाहेरून ठीक आणि आतून आधी खलास होते, कारण बाहेरचा आम्ल पाण्यात धुवून जातो, आतला अडकून पडतो. कुकरमध्ये काय झालं, तर वाफेने एका हाताने घडी घातली आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवली. दिसायला घडी दिसली. कात्री दिसली नाही.

ही न दिसणारी कात्री आम्हाला एकदा चांगलीच महागात पडलीय. रात्रपाळीत दाण्याची बॅग उघडी राहिली, हवा दमट, आणि हॉपर ड्रायरचा, म्हणजे मशीनवर दाणा भरून सुकवायच्या टाकीचा, हीटर ट्रिप झालेला कोणाच्या लक्षात आला नाही. पीएलए मशीनमध्ये घालायच्या आधी त्यातला ओलावा ०.०२५ टक्क्याच्या खाली आणायचा असतो, इतका थोडा की डोळ्याला, हाताला काही कळणार नाही, दाणा दोन्ही वेळा कोरडाच वाटतो. पण मशीनच्या बॅरलमध्ये, जिथे दाणा वितळतो तिथे, १९०-२०० डिग्रीला तो चिमूटभर ओलावा म्हणजे वाफच की, आणि तीपण कोंडलेली! सकाळी मी आलो तेव्हा नोझलमधून लाळ गळावी तसा माल गळत होता, ऑपरेटर खूश, म्हणे आज माल मस्त वाहतोय, प्रेशर कमी लागतंय. पीस चकचकीत, सगळे पास. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, आली नाही, खोटं कशाला बोलू. दोन-तीन दिवसांनी पॅकिंगमधून ओरड, बॉक्स उचलला की आत हँडलं मोडलेली. मग एमएफआय लावला, म्हणजे दाणा वितळवून ठरलेल्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतो ते मोजतात, पीएलएला २१० डिग्री आणि २.१६ किलो, तर आकडा नेहमीच्या तिपटीच्या वर. दोरे तुटून आखूड झाले की माल पातळ वाहतो, तो "मस्त वाहतोय" म्हणजे हेच होतं. सगळी रात्र रिजेक्ट. थ्रीडी प्रिंटरवाल्यांना हीच गोष्ट कानाने कळते, ओलसर फिलामेंट असली की नोझलमधून चट् चट् आवाज येतो, ती वाफच फुटत असते.

बरं, मग सुकवायचं तर सुकवायचं किती तापमानाला, यातपण एक खोडी आहे. कंपनीकडून येणारा दाणा बहुतेक वेळा आधीच क्रिस्टल केलेला असतो, पांढरट दिसतो, तो ८०-९० ला आरामात सुकतो. पण रनर, म्हणजे मोल्डच्या वाटांमध्ये उरलेलं प्लास्टिक, दळून केलेला रिग्राइंड हा थंड मोल्डमधून आलेला असतो, अमॉर्फस. एकदा एका नव्या मुलाने तोच पारदर्शक रिग्राइंड हॉपरमध्ये भरला आणि सवयीने ८० वर ठेवून जेवायला गेला. परत येऊन बघतो तर हॉपरमध्ये एकच एक ढेकूळ, हॉपरच्याच आकाराचं. टीजी ओलांडला, तुकडे चिकट झाले, एकमेकांना चिकटले आणि मग तसेच क्रिस्टल होऊन दगड झाले. सळई घेऊन दोघं जण अर्धी शिफ्ट ते फोडत होते. एकच रसायन, एकच तापमान, पण आधी कोणती उष्णता खाल्लीय त्यावर एक दाणा सुकतो आणि दुसऱ्याचा दगड होतो. म्हणून म्हणतो, नुसतं "पीएलए" किंवा नुसतं "बायोडिग्रेडेबल" एवढं लिहून त्या वस्तूबद्दल काहीच कळत नाही.

आता तुमच्या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे, कुजण्याकडे. पीएलएच्या अख्ख्या साखळीला सूक्ष्मजीव सहसा तोंडच लावत नाहीत, घास फार मोठा पडतो. आधी पाण्याने आणि उष्णतेने तोडून तुकडे बारीक करून द्यावे लागतात, मग ते खातात आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. इंडस्ट्रियल कंपोस्टच्या टेस्टमध्ये तापमान ५८ डिग्री, दोन इकडे किंवा दोन तिकडे, धरतात. आता वर टीजी ५५ ते ६० लिहिला तो आठवा! ओलाव्याने तो अजून थोडा खाली येतो, म्हणजे त्या ढिगात पीएलए ढिला पडलेला असतो, पाणी आत शिरतं, कात्री चालू. युरोपचं ईएन १३४३२ स्टँडर्ड म्हणतं की सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन सूक्ष्मजीवांनी संपवला पाहिजे आणि बारा आठवड्यांत चाळल्यावर दोन मिलिमीटरच्या वर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. आता परसातला छोटा ढीग किंवा नुसती माती घेतली तर ती बहुतेक वेळ त्याच्या कितीतरी खाली असते, तिथे हाच कप सावकाश पडून राहतो. समुद्राचं पाणी तर अजूनच गार. कप तोच, सर्टिफिकेट तेच, खरं की खोटं ते ढिगाच्या थर्मामीटरवर.

अजून एक, जे लेखात यायला पाहिजे होतं. आपण वस्तू गरम पाण्यात टिकावी म्हणून भाजून क्रिस्टल केली, तर त्या घट्ट घड्यांमध्ये पाण्यालाही शिरायला अवघड जातं, पाणी आधी मधला सैल भाग खातं आणि घड्यांचे गठ्ठे मागे उरतात, ते सगळ्यात शेवटी जातात. म्हणजे वापरताना जितकी सोय केली तितकं कुजणं लांबलं. हा सौदा आहे, फुकट काही नाही. पांढरे चमचे पण इंडस्ट्रियल कंपोस्टच्या टेस्टला पास होतात, होत नाहीत असं नाही, पण पातळ पारदर्शक झाकण आणि जाड पांढरा चमचा एकाच दिवशी ढिगात टाकलेत तर आधी कोण जाणार ते सांगायला नको. आणि उलटा उपयोगपण होतो, ढिगात घालायच्या आधीच वाफ दिली, माझ्या तिसऱ्या पट्टीसारखी, तर तोडायचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. बायोगॅसच्या टाकीतपण हेच, ३५-३७ डिग्रीच्या टाकीत पीएलए जवळजवळ तसाच बसून राहतो, ५५ च्या टाकीत त्याला जरा धाक बसतो.

हॉस्पिटलवाल्यांना ही गोष्ट आपल्याआधी कळलीय. अंगात विरघळणारे टाके (इथे विरघळणारे म्हणायची रूढी आहे, मी भांडत नाही) याच घराण्यातले, पॉलिग्लायकोलिक ॲसिड आणि त्याची लॅक्टिकबरोबरची मिश्रणं, १९७० च्या आसपासपासून वापरात आहेत. बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटं ठेवून निर्जंतुक करतात, पण हे टाके नाही, त्यांना इथिलीन ऑक्साइड गॅस देतात आणि ओलावा आत जाणार नाही अशा फॉइलच्या पाकिटात बंद करतात. कारण उघड आहे, ऑटोक्लेव्हमधून काढलेला टाका गाठ मारतानाच दगा देईल. आणि त्याच्याही मागे जायचं तर नायलॉनवाले वॉलेस कॅरोथर्स, त्यांच्या टीमने १९३० च्या आसपास अशीच ईस्टरच्या जोडाची पॉलिमर करून बघितली होती, पण ती कमी तापमानाला वितळायची आणि पाण्यापुढे टिकायची नाहीत, म्हणून ते दुसऱ्या जोडाकडे वळले आणि १९३५ ला नायलॉन झालं. ज्या खोडीसाठी तेव्हा हे घराणं बाजूला ठेवलं त्याच खोडीसाठी आज त्याला डोक्यावर घेतलंय.

बाकीची भावंडं थोडक्यात. पीएचबी हे बॅक्टेरिया स्वतःच्या पोटात चरबीसारखं साठवतात, फ्रान्सच्या मॉरिस लेमॉइन (Lemoigne) यांनी १९२६ मध्ये हे दाखवलं. हे १७५-१८० ला वितळतं, पण त्याच्या थोडंसं वर गेलं की पाणी असो नसो, साखळी स्वतःहून तुटायला लागते, म्हणजे मशीनवाल्याला हलायला जागाच नाही. ते क्रिस्टल भरपूर होतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात आकार सोडत नाही, आणि पाणी त्याला पीएलएइतकं पटकन तोडत नाही. पण नुसतं कपाटात ठेवलं तरी आठवड्या-दोन आठवड्यांत आपल्या आपण अजून घड्या घालत बसतं आणि ठिसूळ होतं, मग १००-१२० डिग्रीला भाजलं की थोडं ताळ्यावर येतं. पीएलएला भाजून ताठ करतात, याला भाजून नरम करतात, एकच भट्टी. पीबीएटी, ज्याच्या पातळ बायो पिशव्या होतात, त्याचा टीजी शून्याच्या खाली तीसेक डिग्री, म्हणजे तो आधीपासूनच ढिला आहे, गरम पाण्यात त्याला नव्याने काही ढिलं पडायचं नाही, एकदम ११०-१२० ला वितळतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० डिग्रीलाच वितळतं, गरम पाण्यात टाकून हाताने मातीसारखं वळता येतं, मोडलेल्या हाताचे स्प्लिंट करतात त्याचे, गार झालं की परत कडक. "गरम पाण्यात मऊ म्हणजे कुजलं" हे खरं असतं तर त्या पेशंटचा हात कशाच्या आधारावर राहिला असता? स्टार्चच्या मालाचं तर वेगळंच, तो मुळात पाणी आणि उष्णतेनेच प्लास्टिक होतो, ग्लिसरीन घालून, वाफ लागली की फुगतो आणि पडून राहिला की परत कडक होतो.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे, कात्री लावायची असेल तर लावा, फक्त कुकर आणि ओव्हनवाला भाग ठेवा. आणि त्या लेखातलं "विरघळून जातं" बदलून छोटी दुरुस्ती छापा, "मऊ पडतं" एवढंच पुरे. पुढच्या वेळी अशा मालावर लिहिताना लेखकांना एवढंच विचारायला सांगा की कुजतं म्हणता ते किती डिग्रीला, ओल्यात की कोरड्यात, आणि वस्तू पारदर्शक आहे की पांढरी. दुकानात विकणाऱ्याला हे सांगता आलं नाही तर समजू शकतो, पाकिटावर छापणाऱ्याला तरी आलं पाहिजे.

आपला,
एक मोल्डिंगवाला वाचक

ता.क. चौथी पट्टी राहिली. ती साध्या गार पाण्यात बरणीत घालून खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवलीय, त्याच दिवशीपासून, म्हणजे तीन महिने झाले. पत्र टाइप करायच्या आधी काढून पुसली, अजून पारदर्शक आहे, थोडी वाकवली, वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. परत बरणीत टाकलीय.